आजचं युद्ध आणि पूर्वीचं युद्ध : ग्वाल्हेरात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मे २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूर झालं, त्याच दिवशी संध्याकाळी आपल्याकडे ब्लॅकआउटचा सराव झाला, आणि तेव्हापासून आपल्या लश्कर भागात असो की मुरारला, गणपतीच्या मांडवात असो की लग्नाच्या पंगतीत, हा विषय निघाल्याशिवाय राहत नाही. शाळकरी मुलं, एमपीपीएससीची तयारी करणाऱ्या मुली, रिटायर झालेले काका लोक, सगळे फिरून फिरून तेच विचारतात, म्हणून ते प्रश्न इथे एकत्र केलेत. आपलं शहर मिराज विमानांचं आहे, किल्ल्याचं आहे, त्यामुळे उदाहरणं जमतील तिथे घरचीच घेतलीयत.

थोडक्यात सांगा ना, फरक नेमका काय?

पूर्वीच्या युद्धाला जागा ठरलेली असायची, वेळ ठरलेली असायची आणि लढणारी माणसं ठरलेली असायची, म्हणजे निदान तशी अपेक्षा तरी असायची. आता ही तिन्ही कुंपणं मोडलीयत. शस्त्रं बदलली हे आहेच, पण शस्त्रं तर दर पिढीत बदलतात, भाला गेला बंदूक आली तेव्हाही लोक म्हणाले असतील की आता सगळंच बदललं. आजचं वेगळेपण असं की युद्ध कधी सुरू झालं ते धड सांगता येत नाही, ते कुठे चाललंय ते नकाशावर दाखवता येत नाही, आणि ज्याने आयुष्यात हातात काठी धरली नाही तोसुद्धा त्याच्यात सापडतो.

पूर्वीचं युद्ध कसं असायचं, आपल्या इथलंच उदाहरण द्या

मराठ्यांच्या स्वाऱ्यांना तर सीझनच होता. पावसाळ्यात नद्या तुडुंब, चिखल, घोड्याला वाट नाही, तोफगाडा हलत नाही, म्हणून सगळे थांबायचे आणि दसऱ्याला सीमोल्लंघन करून निघायचे.

२९ डिसेंबर १८४३ चं घ्या. ग्वाल्हेरच्या उत्तरेला महाराजपूरला सर ह्यू गफची इंग्रज फौज आणि शिंद्यांची फौज समोरासमोर आली, आणि त्याच दिवशी दक्षिणेकडे पनिहारला दुसरी इंग्रज तुकडी दुसऱ्या शिंदेशाही तुकडीशी भिडली. आपल्या गोलंदाजांनी महाराजपूरला असा मारा केला की एकट्या त्या मैदानात इंग्रजांचे मेलेले-जखमी धरून आठशेच्या आसपास गेले, तोफांपाशी आपली माणसं शेवटपर्यंत हटली नाहीत. पण दोन्ही ठिकाणी आपली हार झाली आणि एका दिवसात विषय संपला. जानेवारी १८४४ मध्ये तह झाला, शिंद्यांच्या फौजेवर मर्यादा आली, इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालच्या कंटिंजंटचा, म्हणजे वेगळ्या फौजेचा, खर्च ग्वाल्हेरच्या माथी बसला. म्हणजे मैदान, तारीख, जिंकलं कोण, हरलं कोण, तह काय, सगळं एका पानावर लिहिता येतं. आजच्या कुठल्याही युद्धाचं असं एक पान लिहून दाखवा, नाही जमणार.

पण गनिमी कावा तर जुनाच आहे, मग नवीन काय?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त आवडतो, कारण विचारणारा बरोबर बोलतो. दुबळ्याने बलवानाशी समोरून न लढता त्याला जिथे सावध नसेल तिथे गाठायचं ही युक्ती नवीन नाहीच. शिवाजी महाराजांनी एप्रिल १६६३ मध्ये शाइस्तेखानाला लाल महालात रात्री गाठलं, आजूबाजूला लाखाची छावणी असताना. आज ज्याला स्पेशल ऑपरेशन म्हणतात ते हेच.

आणि आपल्या किल्ल्याचंच बघा. ऑगस्ट १७८० मध्ये कॅप्टन पॉपमने तो एका रात्रीत घेतला. हिंदुस्थानातला अजिंक्य म्हणून ज्याचं नाव, तो किल्ला घेताना तोफा डागल्याच नाहीत, शिड्या बनवल्या, शिपायांच्या पायात कापूस भरलेले लोकरीचे जोडे घातले म्हणजे कड्यावर पाय घसरू नये आणि आवाजही होऊ नये, आणि अंधारात वर चढून गेले. पहारेकरी जागे होईपर्यंत आतमध्ये होते. महादजी शिंद्यांना हे फार लागलं असणार, आणि पुढे १७८४ नंतर त्यांनी द बॉयन या युरोपियन अधिकाऱ्याला हाताशी धरून कवायती कंपू, म्हणजे युरोपियन पद्धतीच्या पलटणी, उभे केले, आग्र्याला तोफा ओतल्या.

तर चकवा देणं जुनं आहे. नवीन हे की पूर्वी चकवा देण्यासाठी माणसाला स्वतः कडा चढावा लागायचा, आता तो हजार किलोमीटरवरून देता येतो आणि कोणी दिला हे महिनोन्महिने सिद्धच होत नाही.

पूर्वी सामान्य लोकांना त्रास नव्हता, असं म्हणतात ते खरं का?

नाही, अजिबात खरं नाही. पेंढाऱ्यांनी गावंच्या गावं लुटली. पानिपतावर भाऊसाहेबांच्या छावणीत बायका-मुलं आणि यात्रेकरू होते, १४ जानेवारी १७६१ नंतर त्यांचे काय हाल झाले ते आठवून आजही मराठी माणूस गप्प होतो. पूर्वीची युद्धं सभ्य होती हा समज सोडून द्या.

मग आता देश एकमेकांवर युद्ध जाहीर का करत नाहीत?

१९४५ च्या संयुक्त राष्ट्रांच्या सनदेने दुसऱ्या देशावर बळाचा वापर करायला मनाई केली, स्वसंरक्षण सोडून. त्यामुळे कोणी "आम्ही युद्ध करतोय" असं म्हणतच नाही. रशियाने २४ फेब्रुवारी २०२२ ला युक्रेनमध्ये फौजा घुसवल्या आणि नाव दिलं विशेष लष्करी मोहीम. त्याआधी २०१४ मध्ये क्रिमियात बिल्ला नसलेले हिरव्या कपड्यातले सैनिक उतरले, आणि ते आपलेच होते हे मॉस्कोने नंतर मान्य केलं, तोवर क्रिमिया युक्रेनच्या हातातून गेलेला होता. कारगिलमध्येही सुरुवातीला पाकिस्तान म्हणत होतं की वर मुजाहिदीन आहेत, आमची फौज नाही.

नाव न देण्याचा फायदा असा की समोरच्याला उत्तर द्यायचं की नाही, किती द्यायचं, हेच ठरवता येत नाही आणि तेवढ्या वेळात काम उरकून जातं.

अणुबॉम्ब आल्यावर मोठं युद्ध शक्यच नाही ना?

मोठं अवघड झालं, छोटं नाही. मे १९९८ मध्ये भारत आणि पाकिस्तान दोघांनी अणुचाचण्या केल्या आणि वर्षभरात कारगिल झालं. पण कारगिल कसं लढलं गेलं ते बघा. सरकारचा स्पष्ट हुकूम होता, नियंत्रण रेषा ओलांडायची नाही. वायुदलाला इतक्या उंचावर, इतक्या अरुंद पट्ट्यात बाँब टाकायचे होते की जरा वळण मोठं झालं तर विमान पलीकडे जायचं. सुरुवातीला मिग गेली, एमआय-१७ हेलिकॉप्टर पडलं, माणसं गेली. मग आपल्या ग्वाल्हेरच्या मिराज-२००० ना पुढे आणलं. लेझरने निशाणा दाखवायचं यंत्र घाईघाईने विमानाला बसवलं, १७ जूनला मुंथो ढालोचा रसदतळ उडवला, २४ जूनला टायगर हिलवर लेझर बाँब टाकले. आणि तरीसुद्धा शिखरं घेतली ती रात्री कड्याला धरून चढणाऱ्या जवानांनीच, खाली बोफोर्स तोफा धडधडत होत्या. ५२७ जवान गेले.

महाराजपूरला जितकी ताकद होती तितकी लावली गेली. कारगिलला ताकद होती आणि ती मुद्दाम रोखून धरली गेली. मला विचाराल तर मोठा बदल हा आहे, की जिंकायचं पण इतकंच, पेटवायचं पण इथपर्यंतच. २६ फेब्रुवारी २०१९ ला बालाकोटला मिराज इथूनच उडाली, त्यातही हेच गणित, आणि २०२५ च्या ऑपरेशन सिंदूरच्या चार दिवसांतही हेच. हे मोजमाप चुकलं तर काय होईल याची भीती मला वाटते, आणि ती वाटायलाच हवी.

गलवानला तर गोळीच चालली नाही, त्याला युद्ध म्हणायचं का?

१५ जून २०२० ला आपले २० जवान शहीद झाले, काठ्या-दगड-खिळे लावलेल्या दांडक्यांनी. चीनशी १९९६ चा करार आहे की प्रत्यक्ष ताबा रेषेजवळ गोळीबार करायचा नाही, म्हणून दोन अणुशक्ती मध्ययुगासारख्या भिडल्या. आणि उत्तरातला एक भाग काय होता, तर २९ जूनला ५९ चिनी ॲप बंद. टिकटॉक गेलं. एका बाजूला हाताने मारामारी, दुसऱ्या बाजूला फोनवरचं ॲप, दोन्ही एकाच भांडणात, एकाच महिन्यात. युद्ध म्हणा किंवा म्हणू नका, पण शांतता तर नक्कीच नव्हती.

ड्रोनचं एवढं काय कौतुक?

कौतुक किमतीचं आहे. पूर्वी आकाशातून मारा करायचा तर विमान हवं, धावपट्टी हवी, वर्षानुवर्षं तयार केलेला पायलट हवा, म्हणजे ते फक्त मोठ्या देशांचं काम. २०२० मध्ये नागोर्नो-काराबाखच्या ४४ दिवसांच्या युद्धात अझरबैजानने तुर्की बायरक्तार ड्रोन आणि इस्रायली ड्रोन वापरून आर्मेनियाचे रणगाडे, तोफा, रडार टिपले आणि वर त्याचे व्हिडिओ रोज लावले. मग युक्रेनमध्ये ड्रोन आणखी स्वस्त झालं. दुकानातून घ्यावं तसं छोटं चार पंख्यांचं यंत्र, त्याला खाली स्फोटक बांधलेलं, चालवणारा डोळ्यांवर चष्मा लावून तळघरात बसलेला. त्याचा सिग्नल जाम करायला लागले तर आता काही ड्रोन मागे केसासारखी बारीक फायबरची तार सोडत जातात, पतंगाच्या मांज्यासारखी, म्हणजे रेडिओचा प्रश्नच नाही. शेतं त्या तारांनी भरून गेलीयत.

आणि अडवणाऱ्याची पंचाईत अशी की इराणी शाहेद ड्रोन अंदाजे वीस ते पन्नास हजार डॉलरचं, आणि ते पाडायला अमेरिकन पॅट्रियट सोडलं तर त्या एका क्षेपणास्त्राला काही दशलक्ष डॉलर. रोज शंभर आली तर किती दिवस परवडेल? मे २०२५ मध्ये ८-९ तारखेच्या रात्री पाकिस्तानने ३६ ठिकाणी ३०० ते ४०० ड्रोन सोडली असं आपल्या सरकारने सांगितलं, त्यातली बरीचशी आपली रडार कुठे आहेत, कुठून फायर होतं हे बघायलाच होती. म्हणून महागड्या क्षेपणास्त्रासोबत जुन्या विमानविरोधी तोफासुद्धा कामाला आल्या, ज्या कित्येकांनी मोडीत काढायच्या गोष्टी केल्या होत्या.

१ जून २०२५ ला युक्रेनने तर ट्रकमध्ये लपवून ड्रोन रशियाच्या आत, सीमेपासून हजारो किलोमीटरवर नेली आणि विमानतळांवरची बाँबर विमानं जाळली. शत्रू फक्त सीमेकडूनच येणार हे गृहीत धरून बांधलेला प्रत्येक विमानतळ त्या दिवशी जुना झाला. हे आपण महाराजपुऱ्याच्या हवाई तळाच्या गावात राहणाऱ्यांनी नीट समजून घ्यावं.

सायबर हल्ला म्हणजे कॉम्प्युटर हँग होणं, त्यात युद्धासारखं काय आहे?

२३ डिसेंबर २०१५ ला पश्चिम युक्रेनमध्ये वीज कंपनीचे ऑपरेटर ड्युटीवर बसलेले होते आणि डोळ्यांसमोर स्क्रीनवरचा माउस आपोआप हलायला लागला. एकेक सबस्टेशन उघडून ब्रेकर बंद करत चालला. माउस हाताने ओढून बघितला तर हलेना, त्यांना त्यांच्याच सिस्टिममधून बाहेर काढलं. सव्वादोन लाख ग्राहकांची लाइट गेली, ऐन थंडीत, आणि लोकांनी तक्रार करायला फोन लावावा तर खोट्या कॉलने लाइनी आधीच भरून टाकल्या होत्या. लाइट परत कशी आली माहितीये? लाइनमन गाडी घेऊन सबस्टेशनवर गेले आणि हाताने स्विच टाकले. जुनी यंत्रणा होती म्हणून काही तासांत जमलं, सगळं ऑटोमॅटिक असतं तर अवघड होतं.

यात एकही गोळी नाही, सीमा ओलांडलेला एकही सैनिक नाही. आता विचार करा, आयसीयूत माणूस आहे, पाण्याचा पंप विजेवर आहे, पेट्रोल पंप विजेवर, यूपीआय मोबाइल टॉवरवर आणि टॉवर विजेवर. म्हणून हे युद्धच आहे. २०१४ मध्ये नाटोने जाहीर केलं की मोठा सायबर हल्ला हा सदस्य देशावरचा हल्ला धरला जाऊ शकतो. आपल्याकडे २०१९ मध्ये तिन्ही दलांची मिळून डिफेन्स सायबर एजन्सी उभी राहिली.

आणि हल्ला जिथे करायचा तिथेच थांबत नाही. २०१७ चा नॉटपेट्या हा कॉम्प्युटर व्हायरस युक्रेनमधल्या हिशोबाच्या सॉफ्टवेअरमधून सोडला होता, पण तो जगभर पसरला आणि मर्स्कसारख्या जहाज कंपनीचं काम ठप्प झालं. तोफेचा गोळा निदान जिथे पडतो तिथेच पडतो.

पेजरवाली गोष्ट खरी होती का?

हो. १७ सप्टेंबर २०२४ ला लेबनॉनमध्ये हिजबुल्ला या सशस्त्र संघटनेच्या लोकांकडचे पेजर एकदम फुटले, दुसऱ्या दिवशी वॉकीटॉकी. मोबाइलवरून पाळत ठेवली जात होती म्हणून त्यांनी जुनं यंत्र घेतलं आणि त्यातच स्फोटक भरून आलेलं. मरणाऱ्यांत लहान मुलंही होती. तेव्हापासून आपला माल कोणत्या कारखान्यातून, कोणाच्या हातून येतो हा प्रश्न दुकानदारीचा राहिला नाही, संरक्षणाचा झाला.

निर्बंध, टॅरिफ, हे पण युद्धातच येतं का?

नाकेबंदी जुनीच, फक्त आता ती बँकेत होते. २०२२ मध्ये रशियाचा सुमारे ३०० अब्ज डॉलरचा परकीय साठा पश्चिमी देशांनी गोठवला, मोठ्या रशियन बँका स्विफ्टमधून, म्हणजे देशोदेशीच्या बँकांना जोडणाऱ्या संदेशयंत्रणेतून, काढल्या. रशिया तरी थांबला नाही, तेव्हा पैशाने युद्ध जिंकता येतं असं कोणी सांगितलं तर लगेच मान डोलवू नका.

व्हॉट्सॲपवर फॉरवर्ड केल्याने असं काय बिघडतं?

इथे मी जरा कळकळीने सांगतो. २६ नोव्हेंबर २००८ ला मुंबईत हल्ला झाला तेव्हा कमांडो कुठून उतरतात ते टीव्हीवर लाइव्ह दिसत होतं आणि पाकिस्तानात बसलेले सूत्रधार ते बघून आतल्या अतिरेक्यांना फोनवर सूचना देत होते. सर्वोच्च न्यायालयाने कसाबच्या २०१२ च्या निकालात चॅनेलांवर यासाठी कडक शब्दांत ताशेरे ओढले. तेव्हा कॅमेरा फक्त चॅनेलवाल्यांकडे होता. आता तो तुमच्या खिशात आहे.

पिंटो पार्क, दीनदयाळ नगर, भिंड रोडकडे राहणाऱ्यांना विमानं रोज दिसतात, मुलं गच्चीवरून व्हिडिओ काढतात, शांततेच्या दिवसात त्याचं कोणाला काही वाटत नाही. पण तणावाच्या दिवसांत किती वाजता किती विमानं उडाली, कुठल्या दिशेला गेली, किती परत आली, हे एका व्हिडिओत सगळं येतं, वर तारीख-वेळ आपोआप. पूर्वी हेच कळवायला शत्रूला हेर पेरावा लागायचा, त्याला पगार द्यावा लागायचा, पकडला गेला तर जीव जायचा त्याचा. आपण ते काम फुकट करून द्यायचं? केंद्र सरकारने एप्रिल आणि मे २०२५ मध्ये चॅनेलांना आणि सोशल मीडियावाल्यांना सैन्याच्या हालचाली लाइव्ह दाखवू नका असं बजावलं ते याचसाठी.

दुसरी बाजू खोट्या बातमीची. त्या चार दिवसांत दोन्हीकडून व्हिडिओ गेमचे तुकडे, दुसऱ्या देशातल्या जुन्या स्फोटांचे व्हिडिओ, एआयने बोलायला लावलेले नेते, सगळं फिरलं, आणि मोठमोठ्या चॅनेलांनीही शहरं पडल्याच्या बातम्या चालवल्या ज्या खोट्या निघाल्या. आपल्या बाजूची खोटी बातमी पण खोटीच असते आणि ती जास्त नुकसान करते, कारण उद्या खरं सांगितलं तरी कोणी विश्वास ठेवत नाही. आत्याबाईंनी पाठवलं, मामांनी पाठवलं, म्हणून ते खरं होत नाही हो.

मग आता सैनिक, रणगाडे, तोफा यांचे दिवस गेले?

उलट. युक्रेनमध्ये खंदक खणले गेलेत, पहिल्या महायुद्धासारखे, पाणी भरलेले, उंदीर असलेले. युरोपला धक्का बसला तो १५५ मिलिमीटरच्या गोळ्यांचा, कारण तोफगोळे जेवढे रोज उडत होते तेवढे कारखान्यातून निघतच नव्हते. पानिपतावर भाऊसाहेबांचं तरी काय झालं? तोफखाना उत्तम होता, पण अब्दालीने रसद तोडली, छावणी उपाशी पडली, जनावरं मेली, आणि उपाशी फौज शेवटी लढायला बाहेर पडली. दाणागोटा संपला की आजही तेच होतं, फक्त आता दाणागोट्यात चिप, बॅटरी आणि डिझेलही येतं. जमीन घ्यायची आणि धरून ठेवायची तर तिथे माणूसच उभा राहावा लागतो.

डीआरडीईमध्ये काय चालतं, तिथे रासायनिक शस्त्रं बनतात का हो?

बनत नाहीत, त्यांच्यापासून बचावाचं काम होतं. झाशी रोडवरची ही संरक्षण संशोधनाची प्रयोगशाळा मुळात जिवाजी इंडस्ट्रियल रिसर्च लॅबोरेटरी होती, १९७३ पासून ती सध्याच्या नावाने चालते. विषारी वायू ओळखायची साधनं, बचावाचे कपडे, जैविक धोक्याची तपासणी हे तिथलं काम. २२ एप्रिल १९१५ ला बेल्जियममधल्या ईप्रला क्लोरीन सोडला गेला, मार्च १९८८ मध्ये इराकमधल्या हलबजात विषारी वायूने हजारो कुर्द एका दिवसात मेले, म्हणून १९९७ मध्ये बंदीचा करार लागू झाला. भारताने आपला साठा जाहीर केला आणि २००९ पर्यंत नष्ट केला.

चौथी पिढी, पाचवी पिढी, परीक्षेत विचारतात, लक्षात कसं ठेवू?

ताई, परीक्षेपुरतं ठेव. १९८९ मध्ये काही अमेरिकन लेखकांनी ही मांडणी केली : रांगेतली बंदूक, मग तोफखाना, मग चपळ हालचाल, मग देश नसलेल्या संघटनांशी लढाई. पाचवी नंतर लोकांनी आपापल्या परीने जोडली. पण गलवान यातल्या कुठल्या खणात टाकशील? म्हणून उत्तर लिहिताना पिढ्या सांग, आणि खाली दोन खरी उदाहरणं दे, मार्क तिथे मिळतात.

परत ब्लॅकआउट झाला तर घरी काय करायचं?

सायरन वर-खाली होत वाजला तर धोका, एकसारखा सलग वाजला तर धोका टळला. घराबाहेरचा दिवा, जिन्यातला दिवा, दुकानाची पाटी हे आधी बंद करा. मागच्या वेळी मेन लाइन बंद झाली तरी कितीतरी घरात इन्व्हर्टर चालू राहिले आणि खिडक्या उजळलेल्याच, सोलरचे दिवे तर अंधार पडला की आपणहून लागतात, त्यांच्यावर गोणपाट टाका. आतमध्ये दिवा लागणारच असेल तर जाड पडदा. गच्चीवर बघायला जाऊ नका आणि लिफ्टमध्ये शिरू नका. ऑक्सिजन लावलेला किंवा अंथरुणाला खिळलेला माणूस घरात असेल तर बॅटरीवर मशीन किती वेळ चालतं ते आजच बघून ठेवा, आणि शेजारच्या काकू एकट्या असतील तर त्यांनाही सांगून ठेवा.